फोडणीतला ओवा आणि चमच्यातलं चूर्ण

प्रश्न : माझं वय २६, पहिलंच गरोदरपण, पाचवा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पोट साफ होत नाही, तीन-तीन दिवस जातात. डॉक्टरांनी एक गोड, चिकट सिरप दिलंय. सासूबाई म्हणतात, ते केमिकल कशाला पोटात घालतेस, त्रिफळा घे. घरात सगळे रात्री घेतात ते पोट साफ होण्याचं चूर्णही त्यांनी माझ्यासाठी काढून ठेवलंय. जळजळ होते म्हणून मी दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळते. आयुर्वेदिक आहे म्हणजे अपाय नसेल ना?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : मुली, आधी तो चूर्णाचा डबा उलटा करून बघ. मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, तसं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. ‘सोनामुखी’ हे ओळखीचं नाव तिथे कदाचित दिसणार नाही. सनाय, स्वर्णपत्री, मार्कंडिका यांपैकी काहीतरी असेल. सगळी एकाच झुडपाची नावं. सोबत हिरडा, सैंधव किंवा काळं मीठ, सज्जीखार, कधी एरंडेलात परतलेलं आणखी काही.

सोनामुखी मोठ्या आतड्याला चिमटा काढून कामाला लावते. म्हणून सकाळी मुरडा येतो आणि ‘काम होतं’. ती विष नाही, तसं मी म्हणणार नाही. बाकी काही लागू पडलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञसुद्धा थोडे दिवस तिची मोजकी गोळी देतात. पण मोजलेली गोळी वेगळी आणि घरच्या चमच्याने, ‘आज जरा जास्तच घे, दोन दिवस झालेत’ म्हणत दिलेलं चूर्ण वेगळं. त्यात जुलाब लागले की अंगातलं पाणी जातं, क्षार जातात, पोटात कळा येतात. पाचव्या महिन्यात कळ आतड्याची की पिशवीची, हे तुला घरात बसून कसं कळणार?

त्रिफळ्याचं सांगते, पण त्याआधी माझी एक फजिती.

माझ्या वडिलांचा वाईला दवाखाना होता. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर शाईने लिहिलेलं नाव, आणि दिवसभर खलबत्त्याचा आवाज. मी स्वतः आयुर्वेदाची पदवी घेतलेली. १९८९ साली दुसऱ्या खेपेला मला सहावा महिना होता आणि अगदी तुझ्यासारखाच त्रास होता. कुणाला विचारायचं? मीच वैद्य! हिरड्याच्या खणातून अर्धा चमचा चूर्ण घेतलं, कोमट पाण्याबरोबर, ओळीने तीन रात्री. तिसऱ्या रात्री पोट असं मुरडलं आणि मध्येच दगडासारखं घट्ट व्हायला लागलं, की आत्या उशाशी बसून राहिली. सकाळी तपासणी झाली, बाळ ठीक होतं. ती हिरड्याचीच करामत होती असं मला शपथेवर सांगता येणार नाही; पण आत्याने दिवा लावायच्या आधी मला विचारलं, ‘काय खाल्लंस?’ आणि मला जे उत्तर द्यावं लागलं त्याची लाज अजून आहे.

कारण श्लोक मला पाठ होता. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाशात हिरड्याचं कौतुक करून झाल्यावर तो कुणी खाऊ नये याची यादी आहे : वाटचालीने थकलेला, अशक्त, कृश, उपासाने खंगलेला, पित्त वाढलेला, रक्त काढलेला. आणि त्याच यादीत गर्भवती. परीक्षेत हा श्लोक लिहून मी गुण मिळवले होते. पोटाशी आल्यावर तो आठवला नाही, इतकंच.

त्रिफळ्यातला एक तृतीयांश भाग हिरडा असतो. आवळा तू खुशाल खा, लोणच्यातला, मोरावळ्यातला. पण त्रिफळा चूर्ण रोज रात्री घेणं बाळंतपण होईपर्यंत बाजूला ठेव. सासूबाईंना हे पटत नसेल तर माझं नाव पुढे कर. म्हणावं, ही बाई केमिकलवाली नाही, वैद्यच आहे, आणि ती भावप्रकाशाचा दाखला देते. चरकसंहितेत तर गर्भिणीला कसं जपावं ते सांगताना काठोकाठ तेलाने भरलेल्या भांड्याची उपमा आहे : हिंदकळू न देता न्यायचं. रेचक म्हणजे त्या भांड्याला मारलेला धक्काच. तेव्हा ‘आयुर्वेदिक आहे ना, मग चालेल’ हे वाक्य खुद्द आयुर्वेदातलं नाही. ते जाहिरातीतलं आहे.

आता ते सिरप. गोड आणि चिकट म्हणतेस, त्यावरून बहुधा लॅक्टुलोज असावं. बाटलीवर नाव बघ. ती एक साखरच आहे, फक्त आपल्या आतड्यात शोषली न जाणारी. ती तशीच खाली जाते, पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. अंगात जवळजवळ काहीच जात नाही. पोट थोडं फुगेल, वारा सरेल, एवढंच. तुझ्या घरात ज्याला केमिकल म्हणतात ते या सगळ्या मंडळींत सर्वांत गरीब स्वभावाचं आहे! ते घे.

सासूबाईंना झाडपाल्याचंच हवं असेल तर इसबगोल द्या म्हणावं. हे वनस्पतीचं टरफलच आहे. (नाव संस्कृत वाटतं, पण आहे फारसी, अर्थ घोड्याचा कान, बी तशा आकाराचं असतं म्हणून.) रात्री एक लहान चमचा भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर ते उलट गोळा होऊन अडकतं. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढा धीर धर. लोहाची गोळी आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर हवं.

गोळी मात्र स्वतःहून बंद करू नकोस. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ती गरोदरपणात रोज एक, अशा १८० गोळ्या घ्यायच्या असतात. शौचाचा रंग काळा होतो, घाबरायचं नाही. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको; लिंबूपाणी चालेल. फारच बांधत असेल तर डॉक्टर लोहाचा प्रकार बदलून देतात, विचारून बघ. बाकी भिजवलेले काळे मनुके, पेरू, पालेभाजी, भाकरी हे तुला माहीत आहे. एक गोष्ट बहुधा कुणी सांगितली नसेल : घरी कमोड असेल तर पायाखाली पाट घे. गुडघे वर आले की निम्मं काम होतं.

राहिलं ज्येष्ठमध. हे मला सगळ्यांत जास्त खटकलं, कारण ते गोड आहे आणि तू ते दिवसभर चघळतेस. त्याच्या गोडव्याचं जे द्रव्य आहे, ग्लायसिरायझिन, ते शरीरातल्या एका विकराचं (एन्झाइमचं) काम अडवतं. मग अंगात पाणी-मीठ साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. तोच विकर वारेतही असतो आणि आईच्या ताणाच्या संप्रेरकापासून बाळाला राखतो. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठाया फार खातात. तिथे गरोदर बायकांना त्या भरपूर खाऊ नका असा सरकारी सल्लाच आहे. काढ्यात कधी चिमूटभर आलं तर आकांत करू नकोस, पण कांडी आजपासून बंद. आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता एकदा रक्तदाब मोजून घे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पण त्यालाही आठवडा असेल तर थांबू नकोस.

जळजळीला : थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास. उशाकडची बाजू उंच कर, डाव्या कुशीवर झोप. गार दूध बऱ्याच जणींना लागू पडतं. खायचा सोडा किंवा फसफसणाऱ्या पुड्या नकोत, त्यात सोडियम फार.

आणि हे नीट वाच. पाचव्या महिन्यानंतर ‘पित्त’ वाटणारं दुखणं उजव्या बरगडीखाली असेल, सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तोंड-हात सुजले असतील, तर ते पित्त समजून घरात बसायचं नाही. ते रक्तदाबाचं दुखणं असू शकतं. कुठलंही चूर्ण न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठ.

प्रश्न : आम्ही जर्सी सिटीत राहतो. पत्नीला तिसरा महिना आहे, उलट्या आणि अपचन. पुढच्या महिन्यात आई नाशिकहून येतेय. ओळखीच्या एका वैदूकडून ती पचनाच्या आणि ‘गर्भ टिकण्याच्या’ पुड्या आणणार आहे. पुड्यांवर काही लिहिलेलं नाही. घ्याव्यात का?
— एक वाचक

उत्तर : नाही. आईंना आजच फोन करा, म्हणजे पुड्या बॅगेत भरल्याच जाणार नाहीत आणि तिथे पोचल्यावर वाद होणार नाही.

तुमच्या नदीपलीकडचीच गोष्ट सांगते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं. सहाही जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक म्हणवणारी औषधं घेत होत्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये हे छापून जाहीर केलं. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं आणि बाळाच्या मेंदूला अपाय करतं. चव नाही, वास नाही. पुडी हुंगून कळत नाही.

रसशास्त्र, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करण्याची आयुर्वेदातली शाखा, मी शिकले आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण आमच्या परिभाषेत नाग म्हणजे शिसं आणि पारद म्हणजे पारा, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. नावात रस, भस्म, सिंदूर असेल तर गरोदरपणात ते औषध आपल्या मनाने घेऊ नये. आणि ज्या पुडीवर नावच नाही तिच्याबद्दल तर बोलायलाच नको.

उलट्यांना आलं घ्यायला हरकत नाही. अभ्यासांत दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ इतकं देऊन पाहिलं आहे. तुम्ही आल्याचा पातळ चहा दिवसातून दोनदा द्या, पुरे. पाणीसुद्धा ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर मात्र दवाखान्यात न्या. तिने आधीच अशा काही पुड्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना लपवू नका, रक्तातलं शिसं तपासायला सांगा. साधी रक्ततपासणी आहे.

प्रश्न : नववा महिना भरत आला. शेजारच्या काकू म्हणतात, गरम दुधातून दोन चमचे एरंडेल घे, पोटही साफ होईल आणि सुटकाही लवकर होईल.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : काकूंचं निरीक्षण बरोबर आहे, सल्ला चुकीचा आहे. एरंडेलातलं एक आम्ल आतड्याला ज्या जागी डिवचतं, तशीच जागा गर्भाशयाच्या स्नायूतही असते. हे २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणून त्याने कळा येऊ शकतात. पण तयार नसलेल्या पिशवीला कळा किती येतील आणि कधी थांबतील हे कुणाच्या हातात नसतं, आणि जुलाबांनी गळून गेलेली बाई बाळंतपणाला कशी तोंड देणार? आधी सिझेरियन झालेलं असेल तर विचारूच नका. तारीख उलटली तर डॉक्टर बाळाचे ठोके बघत कळा आणतात. तोवर बाटली काकूंकडेच राहू दे.

प्रश्न : सुनेला सातवा महिना. पूर्वी आम्ही गॅस झाला की ओवा-हिंग द्यायचो. आता सून काहीच घ्यायला तयार नाही, वरणातला हिंगसुद्धा नको म्हणते. तुम्हीच सांगा.
— एक सासू, सातारा

उत्तर : ताई, वरणातला हिंग तिला खाऊ द्या आणि तुम्ही चमचा बाजूला ठेवा, म्हणजे दोघींचं अर्धं-अर्धं राहील. फोडणीतली चिमूट, भाकरीवरचे चार जिरे, जेवणानंतरची बडीशेप हे अन्न आहे. ओव्याचा अर्क, हिंगाची गोळी, हिंग्वाष्टकाचा भरलेला चमचा हे औषध आहे. पदार्थ तोच, पण माप बदललं की खातं बदलतं. हिंग्वाष्टकात हिंगाबरोबर सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, दोन प्रकारचे जिरे आणि सैंधवही असतं. सुनेचा रक्तदाब चढता असेल तर ते मीठही मोजावं लागेल. लवणभास्कर चूर्णाच्या तर नावातच मीठ आहे.

गॅस होतो तेव्हा हरभरा, वाटाणा, कोबी थोडे दिवस कमी करा, जेवणानंतर अंगणात दहा मिनिटं फिरू द्या. अळीव, डिंक, बाळंतशोपा आणून ठेवलेत ना? ते बाळंतपणानंतर लागतील. डबे घट्ट झाकणाचे घ्या, नाहीतर पावसाळ्यात अळीव चिकटतो.