महापालिकेच्या ‘व्हिजन’मधली उद्दिष्टं खरंच प्रत्यक्षात येतात का?

तुमचा प्रश्न असा, की महापालिकेने ‘व्हिजन’मध्ये, म्हणजे शहराच्या पुढच्या विकासाच्या आराखड्यात, मैदानं, वाचनालयं, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं अशी उद्दिष्टं जाहीर केलीत, त्यावर विश्वास ठेवावा का. मी लातूरचा. ठेवा, पण आधी त्या कामांना कायद्यात जागा कुठे आहे ते बघा.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत: पाणी, गटारी, झाडलोट, दिवाबत्ती, स्मशानभूमी वगैरे. बागा, मैदानं, वाचनालयं येतात कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक. माणसं ज्यामुळे एकमेकांत मिसळतात ते बहुतेक सगळं ‘जमलं तर करू’च्या रकान्यात. पगार, पेन्शन, वीजबिल भागवून तिजोरीत उरतं किती? मग कात्री आधी कुठे लागणार, ते सांगायला नको.

त्यातून आपला मराठवाडा. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. तेव्हा वाचनालयाचं नाव कोण काढणार? आणि आजही नळाला किती दिवसांआड पाणी येतं, यावरच घरातल्या बाईचा दिवस ठरतो. पाण्याच्या दिवशी ती भजनी मंडळातही जात नाही अन् बचत गटाच्या बैठकीतही. म्हणून मला विचाराल तर पाणीपुरवठ्याचं पक्कं वेळापत्रक हेच समाजजीवनाचं पहिलं उद्दिष्ट. आराखड्यात ते मात्र ‘पायाभूत सुविधा’ या वेगळ्या प्रकरणात जातं.

दुसरी गोष्ट, ओपन स्पेस. मोठा लेआउट (जमिनीचे प्लॉट पाडायचा नकाशा) मंजूर होताना साधारण 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. म्हणजे मैदानासाठी दरवेळी नवी जमीन घ्यायची गरज नसते. कागदावर ती तुमच्या कॉलनीत आधीच असते. प्रत्यक्षात तिथे पत्र्याचं शेड, कुणाची तरी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा कायमचा मांडव. (मंदिर असेल तर तो विषय काढणाऱ्याची कॉलनीत काय गत होते, ते मी बघितलंय.) नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात तुमच्या प्रभागातल्या खुल्या जागांची यादी आणि मंजूर नकाशे मागा. व्हिजनच्या गुळगुळीत पानांपेक्षा त्या यादीत जास्त सापडेल.

तीन लाखांवर लोकसंख्या असली की प्रभाग समित्या नेमणं राज्यघटनेनेच बंधनकारक केलंय. आपल्या अधिनियमाप्रमाणे त्यांत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. तुमच्याकडे ते नेमलेत का, हे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा. आणि उद्दिष्टासमोर लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं) व रक्कम नसेल, तर निवेदन घेऊन मार्चमध्ये पळू नका. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याआधीच होते, दिवाळी झाली की लागा.