नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची उच्च न्यायालये मुंबईहून वेगळी आहेत का?

नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 214 नुसार प्रत्येक राज्यासाठी उच्च न्यायालय असते. मात्र महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांचे मिळून एकच मुंबई उच्च न्यायालय आहे. मुख्य पीठ मुंबईत, खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोव्यात असून, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही (न्यायमूर्ती ठरावीक काळासाठी येऊन बसतात असे पीठ) सुरू झाले आहे. मुख्य न्यायमूर्ती सर्वांचे एकच असतात आणि कोणत्या न्यायमूर्तींनी कुठे बसायचे हे तेच ठरवतात.

या न्यायालयाचे कामकाज 1862 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. त्याआधी मुंबई शहरासाठी ब्रिटिश राजसत्तेचे सुप्रीम कोर्ट आणि उर्वरित इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची सदर अदालत (वरिष्ठ न्यायालय) अशी दुहेरी व्यवस्था होती, ती मोडून हे एक न्यायालय उभे राहिले. मात्र त्या दुहेरीपणाची खूण अजून टिकून आहे, कारण मुंबई शहरातील ठरावीक मूल्यावरील दिवाणी दावे आजही थेट उच्च न्यायालयातच, म्हणजे मूळ शाखेकडे, दाखल होतात, तर इतर जिल्ह्यांतून मुख्यतः अपिले येतात. नागपूरचा वारसा निराळा आहे: तेथे 1936 पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भासाठी तेथे मुंबईचे खंडपीठ आले. त्यामुळे नागपूरकरांना ते ‘आमचे’ न्यायालय वाटते, यात नवल नाही. मुंबई शहराचे इंग्रजी नाव बदलून सुमारे तीस वर्षे झाली, तरी न्यायालयाचे अधिकृत इंग्रजी नाव मात्र अद्याप ‘बॉम्बे’च आहे.