मेंढीकोट मूळचा कोकणातला का? आणि घाटावर त्याचे नियम वेगळे का असतात?

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात, मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ मूळचा कोकणातला का, घाटावर नियम वेगळे का आणि गंजिफांशी, म्हणजे त्या जुन्या गोल पत्त्यांशी, त्याचं काही नातं आहे का. पहिल्या दोन गोष्टींवर मी लग्न झाल्यापासून भांडतोय त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मूळचा कोकणातला वगैरे काही नाही हो. मी सातारा जिल्ह्यातला, आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ऊन उतरेपर्यंत दुसरं काही चालायचंच नाही. नुसता महाराष्ट्राचा आहे असंपण समजू नका, गुजरातेत हाच खेळ जवळपास ह्याच नावाने घरोघरी चालतो. उत्तरेत गेलात तर दहला पकड म्हणतात, हिशोब तोच, चौघं जण, समोरचा तो जोडीदार, तेरा-तेरा पत्ते आणि दश्श्या पकडायच्या. फक्त तिकडे बऱ्याच ठिकाणी एकाच माणसाने लागोपाठ दोन हात (चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात) जिंकले तरच खाली साठलेले पत्ते उचलता येतात. केरळात मात्र वेगळंच घराणं, ट्वेंटी-एट, त्यात गुलाम सगळ्यात मोठा, गुलामाचे ३, नव्वीचे २, एक्का आणि दश्शीचा १-१, चारी रंगांचे मिळून २८. म्हणजे नकाशावर बोट ठेवून "इथला खेळ" असं म्हणायला मेंढीकोट काही एका जिल्ह्याचा पेढा नाही.

मग लोकांना कोकण का वाटतं? कारण मुंबई-पुण्याची माणसं कोकणात जातात गणपतीत, आणि गणपतीत घरात वीस-पंचवीस माणसं, आरती झाली, जेवणं झाली, झोपायला जागा नाही, रात्रभर पत्ते. ते बघून परत येतात आणि सांगतात कोकणात काय मेंढीकोट खेळतात राव. तुम्ही शिमग्याच्या आणि गणपतीच्या मधे एखाद्या मंगळवारी जाऊन बघा की कोण खेळतंय. आणि रोजच्या रोज खेळणारे बघायचे असतील तर कर्जत-कसारा लोकलमधे बघा, मांडीवर ब्रीफकेस नाहीतर पेपर टाकून ठरलेल्या डब्यात ठरलेली चौकडी.

आता नियमांचं. लग्नानंतरचे माझे पहिले गणपती, २०११. सासर रत्नागिरी जिल्ह्यातलं. रात्री पत्ते निघाले तेव्हा मला आतून गुदगुल्याच झाल्या, कारण नवीन जावई म्हणून दोन दिवस नुसता पाटावर बसून होतो आणि ही एकच गोष्ट होती जी मला खरंच येते. जोडीला मला बायकोचे मामा दिले, समोर सासरे आणि मेहुणा. पिसून झाले, वाटून झाले, मी रीतसर विचारलं, हुकूम (बाकी रंगांना कापणारा रंग) कोण काढणार? सासरे पत्ते लावता लावता म्हणाले, "निघेल निघेल." मी समजलो सासऱ्यांनीच काढलाय आणि मांडीखाली वगैरे ठेवलाय. कारण आमच्या घरी बंद हुकूम. एकाने सुरवातीलाच आपल्या हातातला एक पत्ता पालथा ठेवायचा, पुढे ज्याच्याकडे चालू रंग संपेल तो म्हणणार उघडा, मग हुकूम कळणार. उघडा म्हणायचं की नुसता फालतू पत्ता टाकायचा ही ज्याची त्याची मर्जी.

माझी पानं ऐका. इस्पिकची सहा, त्यात एक्का, राणी, गुलाम आणि दश्शी. बदामची पाच. किलवरचं एक आणि चौकटची एकुलती एक तिर्री. किलवरचं ते एक पहिल्याच हातात गेलं. दुसरा हात मामांनी उचलला आणि तिसऱ्याला त्यांनी किलवरचा एक्का टाकला. सासऱ्यांनी छक्की दिली. आता माझी पाळी, किलवर संपलेले, जोडीदाराचा एक्का पडलेला, हात आपलाच. मनात आलं दश्शी सोडावी का एक्क्यावर, पण माझ्यामागे मेहुणा बाकी होता, त्याने उघडा म्हणून कापलं तर दश्शी जाणार, म्हणून मी शहाण्यासारखी चौकटची तिर्री टाकली. कचरा म्हणून!

दोन सेकंद शांतता आणि मग सगळं घर हसायला लागलं. स्वयंपाकघरातून बायका बाहेर आल्या. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो जावईबापू, माझाच एक्का कापलात की हो! आणि हुकूम काय केलात, तर चौकट!"

कारण त्यांच्याकडे कट हुकूम. सुरवातीला हुकूमच नसतो, ज्याचा रंग पहिल्यांदा संपेल तो जे पान टाकेल तोच रंग हुकूम. म्हणजे मी इस्पिकची दश्शी टाकली असती तर दश्शीही आमची, इस्पिकचा हुकूम आणि हातात वर एक्का राणी गुलाम, मेंढीकोट (चारही दश्श्या एकाच बाजूला) आम्हीच चढवला असता. त्याऐवजी मी असा रंग हुकूम केला ज्याचं माझ्याकडे आता एकही पान नव्हतं आणि सासऱ्यांकडे एक्का-राजा धरून पाच. पुढचा हात माझा, मी इस्पिकचा एक्का टाकला, मेहुण्याकडे इस्पिक नव्हतेच, त्याने पंजीने कापला. मग त्यांनी हुकूम ओढायला सुरवात केली आणि मी शेवटपर्यंत जपून ठेवलेली दश्शीसुद्धा हुकमाखाली गेली. चारच्या चार दश्श्या तिकडे. नवीन जावयावर मेंढीकोट, रात्री दीड वाजता, गणपतीसमोर. बावन्नी तेवढी वाचली कारण मामांचा तो एक हात होता आणि तिर्रीचा एक, नाहीतर तेराच्या तेरा हात गेले असते. त्या घरात मला अजून माझ्या माघारी तिर्री म्हणतात हे मला माहिती आहे.

तर मुद्दा असा की कट हुकूम हा नशिबाचा खेळ आहे. कोणाचा रंग आधी संपतो ह्यावर सगळं, आणि पत्ते कसे वाटले गेले ह्यावर ते ठरतं, त्यात तुमची अक्कल कुठे आली? बंद हुकमात काढणाऱ्याने पानं बघून विचार करून रंग लपवलेला असतो, बाकीचे त्याच्या चालीवरून ओळखायला बघतात, तो कुठला रंग टाळतोय, कशावर घाबरतोय. हा खरा मेंढीकोट. हे मी सासऱ्यांना दर गणपतीत सांगतो आणि ते दर गणपतीत म्हणतात, "ज्याला येत नाही त्याला नशीब दिसतं."

बरं आता तुमच्या प्रश्नाकडे, म्हणजे घाटावर वेगळे नियम का. मी पण हेच समजून होतो की घाटावर बंद, कोकणात कट. दोन-तीन वर्षांनी आईला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, आम्ही माहेरी कटच खेळायचो, बंद हुकूम इथे आल्यावर तुझ्या आज्जीने शिकवला. आईचं माहेर आमच्या घरापासून अठरा किलोमीटर! आणि सासरच्या वाडीतच वरच्या घरात बंद हुकूम चालतो हे नंतर मेहुण्यानेच कबूल केलं. तेव्हा घाट आणि कोकण हे विसरा. हा खेळ लग्न होऊन आलेल्या सुनांबरोबर, होस्टेलच्या खोलीतून, ट्रेनच्या डब्यातून फिरतो, पुस्तकातून कोणी शिकत नाही, त्यामुळे ज्या घरात जो दांडगा खेळणारा त्याचे नियम. दश्श्या दोन-दोन झाल्या तर ज्याचे सात हात तो जिंकला एवढं मात्र मला सगळीकडे सारखं दिसलं, तेरा हात असल्यामुळे त्यात वादाला जागाच नाही. सहा जण बसले की दुर्र्या काढून ४८ पत्ते, प्रत्येकी आठ, आणि मग चार-चार हात झाले की परत भांडण.

लोकप्रियतेचं अजून एक, मेंढीकोटात पैसे लागत नाहीत. रमीत पॉइंटवर पैसे, तीन पत्ती तर पैशाशिवाय खेळणं म्हणजे मीठ नसलेली भाजी, गुजरातेत श्रावणात सातम-आठमला जुगार चालतो तो पण तीन पत्तीचा. मेंढीकोटात फक्त अब्रू जाते. म्हणून तो सासरे-जावई, आज्जी-नातू असा एकत्र बसून खेळता येतो, पण म्हणूनच त्याच्या जाहिराती कोणी केल्या नाहीत आणि पोरांना रमी माहिती, हा नाही.

गंजिफांशी संबंध नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, खेळणारे तिघं आणि प्रत्येकजण स्वतःपुरता, जोडीदार नाही, हुकूम नाही. अर्ध्या रंगात तर आकड्यांचा क्रम उलटा, एक्का दश्शीच्या वर. ती कला सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी, सत्तरच्या दशकात परत उभी केली म्हणून निदान बघायला तरी मिळते. हात जिंकणं सोडलं तर मेंढीकोटाशी साम्य काही नाही, आपला बावन्न पत्त्यांचा कॅट युरोपियनांबरोबर आलेला. दोन्ही कोकणात दिसतात म्हणून भाऊ-भाऊ होत नाहीत.

विदर्भ-मराठवाड्यात मी कधी पत्ते खेळलेलो नाही, त्यामुळे तिकडचं तिकडच्यांनी लिहा. आणि कट हुकमाला नशिबाचा खेळ म्हणालो ते थोडं जास्त झालं, एखादा रंग मुद्दाम लवकर संपवून हवा तो हुकूम करायचा ह्यात डोकं लागतं, सासरे ते करतात, मला अजून जमत नाही. पण नवीन माणूस बसला की वाटायच्या आधी कट का बंद ते स्पष्ट सांगायचं, "निघेल निघेल" म्हणायचं नाही, ह्यावर मी ठाम आहे.

हे लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते दादाने त्या रात्री बसायच्या आधी तुला सांगितलं होतं कट आहे म्हणून, तुझं लक्ष मोदकात होतं. मला असं कोणी काही सांगितल्याचं आठवत नाही.