पर्किन्सच्या सळ्या

प्रश्न : जुन्या वैद्यकीय उपकरणांत ‘पर्किन्स ट्रॅक्टर’ या टोकदार सळ्यांचा उल्लेख येतो. त्यांनी खरोखर दुखणे थांबत असे का?

उत्तर : अमेरिकेतील कनेक्टिकटचे डॉक्टर एलिशा पर्किन्स यांनी १७९६ साली पेटंट घेतलेल्या या दोन धातूच्या सळ्या दुखऱ्या भागावरून फिरवल्या की वेदना ओढली जाते, असा त्यांचा दावा होता. १७९९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे डॉक्टर जॉन हेगार्थ यांनी पाच रुग्णांवर धातूसारख्या दिसणाऱ्या लाकडी सळ्या फिरवल्या, तेव्हा चौघांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी खऱ्या सळ्यांनीही जवळपास तेवढाच गुण आला. म्हणजे गुण धातूचा नव्हे, रुग्णाच्या अपेक्षेचा होता. ही चाचणी मला फार मोलाची वाटते, कारण रुग्णांना खोटे न ठरवता तिने उपकरणाचा दावा तपासला.