केकचा दर किलोवर, मेहनत मात्र तासांत

“मॅडम, ऑर्डर भरपूर आहेत, पण महिनाअखेरीला हातात काही राहत नाही. दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल. आणि ओळखीच्यांकडे पैसे मागायला तर जीभच रेटत नाही. बंद करून टाकू का?”

घरून केक करणाऱ्या बायकांची ही चिंता समुपदेशनात वारंवार समोर येते. इथे सांगितलेल्या ताई सांगलीच्या. वय चौतीस, तीन वर्षांचा अनुभव, महिन्याला अठ्ठावीसच्या आसपास ऑर्डर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घरातून विरोध नव्हता. नवऱ्याने एकदा सहज विचारलं होतं, “एवढं राबतेस, उरतं किती?” याचं उत्तर देता आलं नाही, ते त्यांना फार लागलं होतं. आपल्यालाच व्यवहार कळत नाही, आपण या कामाच्या लायकच नाही, इथपर्यंत मन गेलं होतं. गेल्या वर्षी मुलीच्या वाढदिवसाचा केक रात्री एक वाजता, उरलेल्या क्रीममधून झाला, हे सांगताना मात्र रडू आलं.

अशा वेळी आत्मविश्वासावर बोलत बसण्यात अर्थ नसतो. उत्तर येत नाही कारण हिशेब मांडलेला नाही, आणि हिशेब मांडता येतो. त्यांना तीन गोष्टी करायला सांगितल्या: वजनकाटा वापरा, सामानाची बिलं ठेवा, आणि पुढच्या एका केकला कशात किती मिनिटं गेली ते घड्याळ बघून लिहा. जेवायला उठलात तर तेही लिहा.

आठवड्याने वही आली. डायनासोर बसवलेला एक किलोचा एगलेस चॉकलेट ट्रफल. दर 600 रुपये. त्यांच्या मते सामान 260 रुपयांचं.

त्यांच्याच बिलांवरून मांडलं. स्पंजला 150 ग्रॅम मैदा, 30 ग्रॅम कोको, 150 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम दही, 90 ग्रॅम तेल, बेकिंग पावडर, सोडा, इसेन्स, सगळं मिळून 84 रुपये. व्हिपिंग क्रीम 300 ग्रॅम, 65 रुपये. गनाशला 150 ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट आणि 75 ग्रॅम क्रीम, 70 रुपये. साखरपाणी 5. इथवर त्यांचा अंदाज बरोबर होता, थोडा जास्तच धरलेला. चुकलं ते पुढे. फॉन्डंट (साखरेचा मळलेला गोळा, ज्यातून डायनासोर घडतो) 150 ग्रॅम आणि रंग, 55 रुपये. बोर्ड, डबा, रिबन, मेणबत्ती, प्लास्टिकची सुरी, 70 रुपये. वीज आणि गॅस, 15. भांड्याला आणि पायपिंग बॅगेत चिकटून राहणारं क्रीम, कापलेल्या स्पंजचा चुरा, बिघडलेला एखादा शेपटीचा तुकडा, यासाठी पाच टक्के, म्हणजे 18 रुपये. बेरीज 382. डबा आणि बोर्ड महिन्यातून एकदा घाऊक आणले जात, म्हणून ते कुठल्याच केकच्या खात्यावर चढत नव्हते.

आता वेळ. बाजारहाट 30 मिनिटं. व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइन ठरवणं 40 (“जरा हिरवा गडद करा ना” धरून). बॅटर, भाजणं, थंड करणं यात स्वतःचा हात लागतो तेवढा वेळ 45. थर कापून, भिजवून, भरून पहिला पातळ क्रीमचा हात देणं 45. डायनासोर 90. शेवटची सजावट 40. भांडी आणि ओटा 30. एकूण 320 मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. उरलेले 218 रुपये त्याला भागले की तासाला जेमतेम 41 रुपये पडतात.

ताई त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी आळशी नाही.” ही गोष्ट त्यांना कोणी नुसती सांगून पटली नसती.

खरी गोम पुढच्या पानावर होती. साधा ट्रफल, फॉन्डंट नाही, वर फक्त नाव: सामान 324 रुपये, वेळ दोन तास चाळीस मिनिटं. त्याचा दर 500. म्हणजे थीमसाठी, डायनासोरसारख्या खास सजावटीसाठी, गिऱ्हाईक फक्त शंभर रुपये जास्त देत होतं आणि ताई त्यासाठी दुप्पट वेळ बसत होत्या. अर्ध्या किलोचा थीम केक तर 350 रुपयांत जायचा. सामान 245 रुपयांचं, कारण डबा, रंग, फॉन्डंट काही अर्धं होत नाही. वेळ पाच तास, कारण डायनासोर तेवढाच. तिथे तासाला 21 रुपये पडत होते. दर किलोवर लावला जात होता आणि मेहनत तासांत जात होती. घरगुती केकच्या धंद्यातली सर्वांत मोठी गळती हीच आहे, आणि ती कष्ट वाढवून बंद होत नाही. कष्ट वाढले की उलट वाढते.

नवा दर असा काढला: सामान, अधिक तासाला 100 रुपये मजुरी, अधिक या बेरजेवर दहा टक्के. हे दहा टक्के बीटर, ओटीजी (विजेची छोटी भट्टी), टर्न टेबल (केक सजवायचा फिरता पाट) यांच्या झिजेसाठी आणि एखादा केक फुकट गेला तर त्यासाठी. थीम केक हजाराला बसला, साधा 650 ला. साध्याचा दर गावातल्या चांगल्या बेकरीच्या आसपासच आला, तेव्हा ताईंची निम्मी भीती गेली.

एक उपगळतीही सापडली. तयार केक त्या कधी तोलतच नव्हत्या. बोर्डाचं वजन वजा करून लागोपाठ तीन केक तोलायला सांगितले. “एक किलो” म्हणून दिलेला एकही केक बाराशे ग्रॅमच्या आत नव्हता. कमी द्यायचं नाही हे योग्यच, पण दोनशे ग्रॅम रोज वर द्यायचं कारण नाही. भाजलेला, कडा काढलेला स्पंज 480 ग्रॅमवर ठेवला की बाकीचं आपोआप बसतं.

तुटणाऱ्या गिऱ्हाइकाची भीती मात्र आकड्यांनी पूर्ण जात नाही, कारण तिच्यामागे एक प्रसंग होता. मे महिन्यात मिरजेला दोन मजली पायनॅपल केक स्कूटरवरून गेला आणि पोचेपर्यंत वरचा मजला तिरका बसला. पूर्ण पैसे परत केले, माफी मागितली, आणि तेव्हापासून “आपल्याला जास्त दर मागायचा हक्कच नाही” ही गाठ मनात बसली. ती सोडवायची तर केक का घसरला हे नेमकं कळायला हवं. क्रीम फेटताना कोमट झालेलं होतं. गोठवलेलं क्रीम फ्रीजमध्येच वितळवून, सात ते दहा अंशांना, थंड केलेल्या स्टीलच्या भांड्यात फेटावं लागतं. अननसाचा क्रश पाण्यासकट घातला होता. तो चाळणीत निथळायचा आणि थराच्या कडेने आधी घट्ट क्रीमचा बांध घालायचा. केक रचून फ्रीजमध्ये दोन तासही बसला नव्हता. आणि खालच्या मजल्यात आधारच नव्हता. जाड स्ट्रॉ खालच्या केकच्या उंचीला समान कापून चार-पाच उभ्या खोवायच्या, वरचा केक स्वतःच्या पातळ बोर्डावर ठेवायचा, मग भार स्ट्रॉवर जातो, क्रीमवर नाही. दोन मजली केक गावाबाहेर जाणार असेल तर मजले वेगळ्या डब्यांतून न्यावेत आणि तिथे चढवावेत, तेही एसी लावलेल्या गाडीतून. स्कूटर नाहीच.

चारही कारणं वहीत लिहिली तेव्हा तो प्रसंग त्यांच्या लायकीचा प्रश्न राहिला नाही, क्रीमचा आणि स्ट्रॉचा झाला. “फोटोसारखाच” मागणाऱ्यांचंही तसंच. व्हिप्ड क्रीममध्ये गडद लाल किंवा काळा रंग ओतत गेलं की ते कडवट होतं आणि जीभ रंगते. काळा हवा असेल तर चॉकलेटच्या गडद रंगावरून सुरुवात करायची. फॉन्डंटने पूर्ण झाकायचा केक आतून गनाश किंवा बटरक्रीमने लेपायचा, व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट पाझरतो. हे ऑर्डर घेतानाच सांगितलं तर गिऱ्हाईक ऐकतं, डबा उघडल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

राहिली ओळखीची माणसं. हे सर्वांत अवघड, कारण इथे आकडे कमी आणि नाती जास्त. “आत्याकडून कसे घ्यायचे?” या प्रश्नाला “घ्याच” हे उत्तर चालत नाही. त्यांना एवढंच विचारलं: आत्याला केक भेट द्यायचा आहे की विकायचा? भेट असेल तर मनापासून द्या, पैसे नकोच म्हणा, आणि वहीत “भेट” या रकान्यात 382 लिहा. महिन्याला अशा दोनच भेटी. विकायचा असेल तर पूर्ण दर. मधला अर्धवट दर टाळायचा. त्यात आत्याला भेट मिळाल्यासारखं वाटत नाही आणि आपल्याला पैसे मिळाल्यासारखं वाटत नाही, मनात मात्र कुरकुर राहते.

तोंडावर बोलायचा संकोच होता म्हणून एक निरोप तयार करून ठेवला आणि सगळ्यांना तोच जाऊ लागला: “नमस्कार. तारीख नोंदवायला निम्मी रक्कम आगाऊ लागते. डिझाइनमधला बदल तीन दिवस आधीपर्यंत करता येईल. दोन दिवस आधी ऑर्डर रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, कारण सामान आणलेलं असतं. थीम केक किमान एक किलोचा.” चुलत सासूबाईंना हा निरोप पाठवताना हात थरथरला, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंनी दहा मिनिटांत पैसे पाठवले.

अन्न सुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी त्यांनी केलेली नव्हती. घरून विकत असलो तरी ती लागते. ती झाली आणि 14 अंकी क्रमांक डब्यावर आला. अंड्याचा केक आणि एगलेस यांची भांडी, बीटरची पाती वेगळी केली. एगलेस मागणारं घर याच गोष्टीवर विश्वास टाकतं.

तिसऱ्या महिन्याचा हिशेब असा: ऑर्डर अठ्ठावीसवरून एकोणीसवर आल्या. गिऱ्हाईक तुटलं, ही भीती खोटी नव्हती. त्यात 11 थीम, 8 साधे. आधीचे 20 थीम आणि 8 साधे केक, ओळखीखातर सोडलेले पैसे न धरता, 5,768 रुपये देत आणि 128 तास घेत. आता सामान जाऊन 9,406 रुपये उरले, ऐंशी तासांत. नवऱ्याला तो कागद त्यांनी जेवताना दाखवला.

मुलीच्या वाढदिवसाची तारीख नव्या वहीत सगळ्यात आधी लाल पेनाने लिहिली आहे, त्या दिवशी ऑर्डर बंद. अर्ध्या किलोचा थीम केक मात्र त्यांना अजून नाकारता येत नाही. गेल्या महिन्यात दोन घेतले, दोन्ही शेजारच्या इमारतीतले. त्यांच्यापुढे तास लिहिले आहेत, आणि पुढच्या भेटीत त्या पानावर बोलायचं ठरलं आहे.