दुसरीच्या नव्या वर्गशिक्षिकेस: पालकांना आठवड्याचा निरोप कसा द्यावा

पालकांना दर शुक्रवारी एकच निरोप पाठवा आणि तो वार शक्यतो चुकवू नका. माझ्या ऐरोलीच्या वर्गातले बरेच पालक तो ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचतात, त्यामुळे पाच-सहा ओळी पुरेत. पहिल्या वर्षी मी पानभर लिहीत असे आणि सोमवारी तेच प्रश्न पुन्हा येत.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे केवळ पाठाचे नाव कळवणे. ‘हातच्याची बेरीज झाली’ एवढ्याने घरी काहीच उमगत नाही. मात्र ‘२७ आणि १५ मिळवताना सुट्या १२ काड्या होतात, त्यांतील दहांचा गठ्ठा बांधून दाखवायला मुलाला सांगा’ असे लिहिले, की आजीसुद्धा शेजारी येऊन बसते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा घरोघरी उडालेला गोंधळ, निदान माझ्या वर्गापुरता, अशाच एका उदाहरणाने निवळला.

एखाद्या मुलाची उणीव व्हॉट्सॲपच्या गटावर कधीही लिहू नका. ती पालकांना प्रत्यक्ष भेटीत सांगावी. छायाचित्रे आणि सजावट यांचे दिवाळीनंतर पाहू.