दाण्यांकडे बघू नकोस

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाड्यातल्या देव-भगतांबद्दल लिहिताना तू म्हणतेस, 'हे लोक कधी सुधारणार', त्या वाक्याशी अडलो. रागावत नाही, कारण तिकडच्या पहिल्या पावसाळ्यात मीही घरी हेच लिहीत होतो.

तू ज्या काठावर राहतेस, तिथे नर्मदा 54 किलोमीटर आपल्या महाराष्ट्राची हद्द आहे. आता ती वाहत नाही, तुंबलेली आहे. सरदार सरोवराच्या बुडितात आपल्याकडची 33 गावं आली आणि 2019 मध्ये पाणी 138.68 मीटरला टेकलं. भरपाईच्या कागदावर जमीन येते, घर येतं, झाडं येतात. देवाची जागा कुठल्या रकान्यात लिहायची? मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळसुद्धा पाण्याखाली गेलं. पाड्यापाड्याच्या वाघदेवाला कोण विचारतो! एवढं गमावलेल्या माणसाकडे जाऊन 'देव नसतो' म्हणू नकोस. नवाई बघितलीस का? नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही आणि त्या दिवशी एकट्या म्हातारीलाही वाटा मिळतो. त्यात फसवणूक शोधायला जाऊ नकोस, नाही सापडायची.

फसवणूक सुरू होते ती घरात माणूस आजारी पडल्यावर. बडवा, म्हणजे पाड्याचा भगत, सुपात ज्वारीचे दाणे टाकतो, जोडीजोडीने बाजूला सारतो, उरलेल्या दाण्यावरून बोलतो. मी कितीतरी रात्री चुलीच्या उजेडात ते दाणे मोजत बसलो, हातचलाखी पकडायची म्हणून. वेळ फुकट गेला. तू दाण्यांकडे बघू नकोस, भावकीकडे बघ. बडव्याच्या कानाशी आधी कोण लागलं, कोंबडा कुणी आणला, दारू कुणी पाजली. 'डाकीण' म्हणून ज्या बाईकडे बोट जातं ती बहुतेक वेळा विधवा असते आणि तिच्या शेताला लागून चुलत दिराचं शेत असतं. देव तिथे नावापुरता असतो.

आणि दर वेळी बडवाच खलनायक, असंही धरू नकोस. तोही त्याच पाड्यात राहतो, उद्या त्याला त्याच लोकांत तोंड दाखवायचं असतं. मला जास्त भीती बाहेरून येणाऱ्या बुवाची वाटते. एकदा असा एक मोटारसायकलवर आला. बाटलीतलं पाणी दिलं, रोख रक्कम मागितली. घरात रोख कुठली? बकऱ्या विकाव्या लागल्या. त्या निम्म्या भावात घेणारा व्यापारी त्याच गाडीवर मागे बसून आला होता. हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली, पाड्यातल्या एका पोराला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याला कुणी विचारलं नाही, मीही नाही.

आता माझी चूक सांगतो. एका बडव्याला मी चारचौघांत खोटारडा म्हणालो. लोक हसले, मला बरं वाटलं. तीन आठवड्यांनी एका मुलाला साप चावला, तेव्हा घरच्यांनी ते माझ्यापासूनच लपवलं. पहाटे त्याला होडीत घातलं तेव्हा त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या. वाटेतच गेला. पुढे त्याच बडव्याच्या ओट्यावर जाऊन मी हात जोडले. म्हणालो, दोरा तूच बांध, पण माणूस होडीत बसल्यावर बांध. त्याने ऐकलं. नंतरच्या दोन-तीन खेपांना तो स्वतः होडीत बसून आला.

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा तुझ्या पिशवीत असू दे, पण नीट वाचून. साप चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हा त्यात गुन्हा आहे. पूजा, जत्रा, प्रदक्षिणा याला तो हात लावत नाही, हे लोकांना आधी सांग. कुणाला करणी करणारी ठरवून तिचं जगणं अवघड करणं, हाही गुन्हाच. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार मात्र बाईला विचारूनच कर. तू बदली घेऊन जाशील, तिला तिथेच पाणी भरायचं आहे.

पत्राच्या शेवटी ज्या काकीबद्दल दोन ओळी लिहिल्यास, त्यांनी माझी झोप उडवली. तिच्या सावलीत मुलांना जाऊ देत नाहीत, म्हणतेस. नवरा गेल्याला किती दिवस झाले? शेत वनपट्ट्याचं, म्हणजे जंगलजमिनीवर हक्काने मिळालेलं, आहे का? तसं असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा. या आठवड्यात तिच्याकडे चहाला जा, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असं अंगणात बस. पट्ट्याचा कागद कुणाच्या घरात आहे ते विचार. दिराच्या घरात असेल तर लगेच कळव, मी पुढच्या लाँचने येतो.

तुझा,
गुरुजी